अडतीस हजार पेंग्विनांचा हिशेब

आफ्रिकन पेंग्विनला दिवसाला साधारण अर्धा किलो मासळी लागते. पक्षी एकच असला तर त्यात विशेष काही नाही. तेच 19 हजार पक्षी असले तर रोज साडेनऊ टन मासळी लागते. तीही घमेल्यात भरून पुढ्यात ठेवून भागत नाही, कारण समुद्रातला पेंग्विन पळता, चमकता मासा ओळखतो. मेलेला मासा हे त्याच्या लेखी अन्नच नसतं. म्हणून प्रत्येक पक्ष्याला दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचं, एका हाताने चोच उघडायची आणि दुसऱ्या हाताने मासा, डोक्याकडची बाजू पुढे करून, घशात सरकवायचा. मग पुढचा मासा, आणि त्यानंतर पुढचा पक्षी. असे साडेनऊ टन मासे, एकेक करून, दररोज. 2000 सालच्या जून-जुलैत केप टाऊनच्या लोकांनी हे काम केलं. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी पेंग्विनला कधी हातही लावला नव्हता.

झालं असं की ‘ट्रेझर’ नावाचं एक मालवाहू जहाज ब्राझीलहून लोहखनिज घेऊन चीनकडे निघालं होतं. वाटेत त्याला भगदाड पडलं आणि 23 जून 2000 रोजी ते केप टाऊनजवळ बुडालं. त्याच्या टाक्यांतून सुमारे 1,300 टन इंधन तेल समुद्रात आलं. तेलगळतीच्या इतिहासात हा आकडा मोठा नाही. 1989 साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’मधून जवळपास 37 हजार टन कच्चं तेल सांडलं होतं, त्यापुढे 1,300 टन म्हणजे किरकोळच. पण जागा नेमकी नको तिथली होती. एका बाजूला डॅसेन बेट, दुसऱ्या बाजूला रॉबेन बेट. रॉबेन बेट आपल्याला माहीत आहे ते नेल्सन मंडेलांच्या तुरुंगामुळे. पेंग्विनांसाठी ही दोन बेटं म्हणजे घर. त्या वेळी जगातल्या सगळ्या आफ्रिकन पेंग्विनांपैकी सुमारे 40 टक्के या दोन बेटांवर आणि त्यांच्या भोवतालच्या पाण्यात होते, आणि काळ विणीचा होता. घरट्यांत अंडी होती, पिल्लं होती.

पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर चालताना तळव्यांना डांबराचे गोळे चिकटल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे तेल किती चिवट असतं ते सांगायला नको. पाय घासून घासून थकतो, डाग काही जात नाही. आता तेच अंगभर, पिसापिसांत बसलेलं डोळ्यांसमोर आणा. पेंग्विनची पिसं कौलारू छपरासारखी एकावर एक चढलेली असतात. त्यांच्याखाली हवेचा पातळ थर अडकलेला असतो आणि त्याच्या जिवावर तीन किलोचा हा पक्षी बारा-चौदा अंशांच्या पाण्यात दिवस काढतो. तेल लागलं की पिसं गुठळ्या होऊन फाकतात, पाणी थेट कातडीला भिडतं आणि अंगातली ऊब भराभर निघून जाते. थंडी सहन होईना की पक्षी किनाऱ्यावर येऊन उभा राहतो. तिथे खायला काही नाही. तो चोचीने पिसं साफ करत राहतो आणि ते तेल पोटात जातं. आतड्याला जखमा होतात, रक्त कमी होतं. माणसाने हात लावला नाही तर या पक्ष्याचं मरण ठरलेलं असतं. ते झटपटही येत नाही.

तेल लागलेले सुमारे 19 हजार पेंग्विन गोळा करण्यात आले. एवढे आजारी पक्षी ठेवायला जगात कुठेच जागा नव्हती. केप टाऊनमध्ये ‘सॅनकॉब’ ही समुद्रपक्ष्यांसाठी काम करणारी संस्था 1968 पासून होती, पण तिचं केंद्र काही शे पक्ष्यांच्या बेताचं. मग सॉल्ट रिव्हर भागात रेल्वेची जुनी मोठी शेड ताब्यात घेतली गेली आणि तिथे पेंग्विनांसाठी शेकडो वाफे आखले गेले. जगभरातून तेलात माखलेल्या पक्ष्यांचे जाणकार आले. पण खरं बळ आलं ते शहरातून. बारा हजारांहून जास्त माणसं स्वयंसेवक म्हणून दाखल झाली. बँकेत काम करणारी, शाळेत शिकणारी, निवृत्त झालेली, सुट्टीवर आलेली. पेंग्विनची चोच कात्रीसारखी धारदार असते आणि घाबरलेला पक्षी हाताला येईल ते तोडतो. हातमोजे घालूनही मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आणि काळेनिळे डाग पडायचे. शेडमधल्या मासळीच्या, शिटेच्या आणि तेलाच्या वासाबद्दल तिथे राबलेला प्रत्येक माणूस बोलतो. तरी दुसऱ्या दिवशी रांग लागायची.

धुण्याचं काम तर फारच नाजूक. आणल्या आणल्या पक्ष्याला धुता येत नाही. आधी नळीने पाणी आणि क्षार पोटात घालून त्याला सावरायचं, पोटातलं तेल शोषायला कोळशाची पूड द्यायची, काही दिवस खाऊ घालून अंगात ताकद आणायची. मग तेल सुटं करणारं औषध फवारून ते मऊ करायचं. त्यानंतर कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण. एकाने पक्षी धरायचा, दुसऱ्याने धुवायचा. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी दात घासायचा ब्रश. साबणाचा कणही पिसांत राहता कामा नये, नाहीतर पाणी पुन्हा आत शिरतं, म्हणून धुण्याइतकाच वेळ खळबळण्यात जातो. एका पक्ष्यामागे दोन माणसांचा अर्धा तास धरला, तरी 19 हजार पक्ष्यांचे 19 हजार मनुष्यतास होतात. एकट्या माणसाने रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता हे केलं तर त्याला साडेसहा वर्षं लागतील. आणि हे फक्त आंघोळीचं झालं. पुढे दिव्यांच्या उबेत वाळवणं, रोज पोहायला सोडणं, पिसं पुन्हा पाणी अडवू लागली का ते पाहणं, वजन, रक्ताची तपासणी. त्यात उतरला की मगच पक्षी समुद्रावर.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि मला ती सगळ्यात थक्क करणारी वाटते. बेटांवर अजून तेल न लागलेले हजारो पेंग्विन होते. ते खायला समुद्रात उतरले की माखणारच. त्यांना अडवून ठेवायचं, तर आणखी हजारो तोंडं भरवायची. मग ठरलं की त्यांना पकडून ट्रकांत घालायचं आणि सुमारे 800 किलोमीटर पूर्वेला, पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडायचं. पेंग्विन आपलं घरटं आणि आपला जोडीदार सोडत नाही. तो पोहत घरी येणार, हे नक्की. त्याला यायला दोन-तीन आठवडे लागतील आणि तेवढ्यात पाण्यातलं तेल काढून घेता येईल. असे साडेएकोणीस हजार पक्षी हलवले गेले. त्यातल्या तिघांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली होती. त्यांची नावं पीटर, पामेला आणि पर्सी. ते किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेकडे सरकत असताना देशभरातले लोक रोज त्यांचा ठावठिकाणा वाचत होते. तिघेही परतले. तोवर पाणी निवळलं होतं.

माखलेले आणि न माखलेले मिळून अडतीस हजारांवर पेंग्विन. शिवाय आईबाप गमावलेली तीन हजारांहून अधिक पिल्लं हाताने भरवून वाढवायला घेतली गेली. तेल लागलेल्यांपैकी सुमारे दोन हजार दगावले, बाकीचे, म्हणजे जवळपास 90 टक्के, समुद्रात परत गेले. हा आकडा सहा वर्षं आधीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. 1994 साली याच भागात ‘अपोलो सी’ हे जहाज बुडालं, सुमारे दहा हजार पेंग्विन माखले आणि त्यातले निम्मे मेले. कित्येक जण उपचारांपर्यंत पोचलेच नाहीत. दाटीवाटीने भरलेल्या, हवा न खेळणाऱ्या वाहनांत ते गेले. त्या पाच हजार मरणांतून लोक शिकले, की एका खोक्यात किती पक्षी ठेवायचे, हवा कशी खेळती ठेवायची, पाणी आधी द्यायचं की साबण आधी लावायचा. प्राण्यांची सुटका ही नुसत्या कळवळ्याने होणारी गोष्ट नाही. हे हातात मुरवावं लागणारं कसब आहे.

तरीही प्रश्न उरतोच, आणि तो मनापासून विचारणारे लोक आहेत. एवढा पैसा, एवढे हात, काही हजार पक्ष्यांसाठी? या शंकेला आधार आहे. ‘एक्सॉन वाल्डेझ’नंतर अलास्कात साडेतीनशेच्या आसपास समुद्री पाणमांजरं पकडून केंद्रांत आणली गेली. त्यावर एक कोटी ऐंशी लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला. सुटून समुद्रात गेलेल्या प्रत्येक जनावरामागे हिशेब 80 हजार डॉलरच्या वर गेला. तेवढ्या पैशात पाणमांजरांचा अधिवास जपण्यासाठी काय काय करता आलं असतं, असं शास्त्रज्ञांनीच विचारलं. सोडलेल्यांपैकी बरीच पुढे टिकलीही नाहीत. म्हणजे सुटका करावी की नाही, याचं एक उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

पण पेंग्विनांच्या बाबतीत लोक अंदाजावर थांबले नाहीत. सोडताना त्यांच्या पंखांना खुणेच्या पट्ट्या बांधल्या आणि वर्षानुवर्षं नजर ठेवली. धुतलेले पक्षी न माखलेल्यांइतकेच जगतात, असं दिसलं. घरट्यांत त्यांना काहीसं कमी यश येतं, पण ते घरटी करतात. हाताने वाढवलेली पिल्लं मोठी होऊन स्वतः विणीला आली. केप टाऊन विद्यापीठाचे पीटर रायन यांनी 2003 मध्ये हिशेब मांडला, की तेलात माखलेल्या पक्ष्यांना वर्षानुवर्षं वाचवलं गेलं नसतं तर आहे त्यापेक्षा पेंग्विन बरेच कमी असते. वाचवण्यामुळे त्यांची संख्या 19 टक्क्यांनी जास्त राहिली होती. हातांनी धुतलेल्या पक्ष्यांमुळे एखाद्या जातीच्या जगभरातल्या संख्येत एवढा फरक पडावा, असं दुसरं उदाहरण शोधायला गेलं तर सहज सापडणार नाही.

यामागचं कारण या पक्ष्याच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. आफ्रिकन पेंग्विन चार वर्षांचा झाल्यावर विणीला येतो, एका वेळी दोन अंडी घालतो आणि वीस वर्षंही जगू शकतो. अशा जातीत मोठा पक्षी गेला तर त्याची जागा भरायला वर्षं लागतात, आणि एकदम हजारो मोठे पक्षी गेले तर खड्डा भरतच नाही. हे आपल्याला आपल्याच गिधाडांनी शिकवलं आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही पाच वर्षांची झाल्यावर. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं. कारण होतं गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. एवढा संहार व्हायला किती जनावरं विषारी असावी लागतात, याचं गणित शास्त्रज्ञांनी केलं, तर आकडा आला 760 पैकी एक ते 130 पैकी एक. म्हणजे 760 मढ्यांतलं एक विषारी असलं तरी पुरे. एका मढ्यावर थवाच्या थवा उतरतो आणि एकदम संपतो.

पेंग्विनांचं तेल डोळ्यांना दिसलं म्हणून बारा हजार माणसं धावली. गिधाडांचं विष दिसलं नाही. 2004 साली कारण सापडलं, 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, तोवर वाचवायला उरलेच होते थोडे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू केली. तिथल्या पक्ष्यांची पुढची पिढी आता विदर्भातल्या पेंच आणि ताडोबापर्यंत आणून सोडली जाते आहे. आणि गिधाडं गेल्याचा भुर्दंड? ती गेल्यावर रोगराई वाढली, पाणी नासलं. 2000 ते 2005 या काळात भारतात त्यापायी पाच लाखांच्या वर माणसं जास्त मेली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये मांडला.

‘निसर्गाचं निसर्गाला पाहू द्या, माणसाने ढवळाढवळ करू नये’ हेही म्हणणं कानावर येतं. त्यामागचा हेतू चांगला असतो, पण जगाच्या तराजूत काय पडलंय ते एकदा बघायला हवं. जमिनीवरच्या सगळ्या रानटी सस्तन प्राण्यांचं, म्हणजे हत्ती, हरणं, वाघ, वटवाघळं, उंदीर, सगळ्यांचं मिळून वजन सुमारे दोन कोटी टन भरतं, असं 2023 मधल्या एका अभ्यासाचं म्हणणं आहे. माणसांचं वजन 39 कोटी टन. माणसाच्या पाळीव जनावरांचं 63 कोटी टन. नुसत्या कुत्र्यांचं वजन जमिनीवरच्या सगळ्या रानटी सस्तन प्राण्यांच्या वजनाला जाऊन भिडतं. दरडोई वाटून घेतलं तर पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला अडीच किलो रान येतं. या अडीच किलोंवर आपले रस्ते, विजेच्या तारा, जाळी, पतंगाचा मांजा, जहाजांचं तेल रोज येऊन आदळतं. ढवळाढवळ कधीच झाली आहे. जखम आपण केली असेल तर ती बांधण्याला ढवळाढवळ म्हणणं मला पटत नाही.

आणि प्रत्येक सुटकेला रेल्वेची शेड लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. उसाचा फड बिबट्याच्या मादीला जंगलासारखाच आडोशाचा वाटतो, ती तिथेच विते. कोयते जवळ आले की ती दूर होते आणि डोळे नुकते उघडलेली पिल्लं पाचटात राहतात. पूर्वी अशी पिल्लं उचलून पिंजऱ्यात नेली की जन्मभर तिथेच राहायची, आणि इकडे आई त्यांना शोधत गावाभोवती फिरायची. आता वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, आणि अंधार पडला की ती सापडली त्याच शेतात खोक्यात ठेवून सगळे दूर होतात. कॅमेरा तेवढा लावलेला असतो. बहुतेक वेळा आई येते, वास घेते, खोकं आडवं करते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून घेऊन जाते. अशी शंभराहून जास्त पिल्लं आईकडे पोचली आहेत. खर्च म्हणावा तर एक खोकं आणि एका रात्रीचा धीर. ज्याच्या शेतात हे घडतं तो शेतकरी त्या दिवसाची तोडणी थांबवतो. त्याचं मोल कुठल्याही ताळेबंदात मांडलेलं नसतं.

आता पुन्हा केप टाऊनकडे, कारण तिथला हिशेब अजून पुरा झालेला नाही. ‘ट्रेझर’नंतर चार वर्षं सगळं बरं चाललं होतं. 2004 मध्ये डॅसेन आणि रॉबेनवर पेंग्विनांची गर्दी होती. मग खाणंच सरलं. आपल्या तारलीच्या कुळातले सार्डिन मासे हे त्यांचं मुख्य अन्न. समुद्राचं तापमान आणि खारटपणा बदलला तसे ते मासे अंडी घालायला पूर्वेकडे सरकले, आणि मासेमारी मात्र पश्चिमेला पूर्वीसारखीच चालू राहिली. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं टाकतो. तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही आणि काही खाता येत नाही. त्याआधी अंगावर चरबी चढलेली असली तर तो तरतो. पुरेसे मासे न मिळालेले पक्षी या तीन आठवड्यांत मेले, किंवा त्यानंतर समुद्रात गेले ते परतले नाहीत. 2004 ते 2011 या आठ वर्षांत याच दोन बेटांवरचे सुमारे 62 हजार विणीचे पेंग्विन असे नाहीसे झाले, असा अंदाज 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 2004 साली तिथे विणीला असलेल्यांपैकी जवळजवळ 95 टक्के. ज्यांना एकेक करून धुतलं, भरवलं, ट्रकातून हलवलं, त्यातलेही अनेक जण यात असणार. त्यांच्या अंगावर तेलाचा डाग नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी कुठे शेड उभी राहिली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकन पेंग्विन पंधरा-वीस लाखांच्या घरात होते. 1900 ते 1930 या काळात माणसांनी त्यांची सुमारे एक कोटी तीस लाख अंडी खाण्यासाठी उचलली. आज विणीच्या जोड्या दहा हजारही नाहीत. 2024 मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त जाहीर झाला. म्हणजे आता जगभरात जेवढे विणीचे पेंग्विन उरले आहेत, त्याच्या जवळपास दुप्पट पक्षी 2000 सालच्या त्या काही आठवड्यांत केप टाऊनच्या माणसांच्या हातांतून गेले होते. तेव्हा हात लावले नसते तर आज उरलेले हे पेंग्विनही असते का, हे रायन यांच्या 19 टक्क्यांवरून ज्याचं त्याने ठरवावं. त्या हातांनी जातीला वेळ मिळवून दिला. मिळालेल्या वेळात मासे राखायचे होते, ते राखले गेले नाहीत.

सॅनकॉबचे लोक अजून काम करताहेत. टाकून दिलेली अंडी उबवायची, उपाशी पिल्लं वाढवायची आणि समुद्रात सोडायची. मार्च 2025 मध्ये पक्षीसंस्था आणि मासेमारी उद्योग यांच्यातला खटला न्यायालयात तडजोडीने मिटला. डॅसेन आणि रॉबेन धरून सहा वसाहतींभोवती सार्डिन आणि अँकोव्हीची व्यापारी मासेमारी दहा वर्षं बंद राहणार आहे. असंच चालू राहिलं तर हा पक्षी 2035 पर्यंत रानातून नामशेष होईल, असं शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं आहे, आणि बंदीची मुदतही 2035 लाच संपते. 2025 मध्ये अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू 2029 च्या सुमारास जोडी जमवेल. बेटाभोवती मासे असले तर 2035 पर्यंत त्याच्या पाच-सहा विणी झालेल्या असतील.